मोटार मेकॅनिकची तुकडी बंद करण्याआधी : आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
संस्था व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था

विषय : मेकॅनिक मोटार व्हेइकल या व्यवसायाचं पुढच्या दहा वर्षांचं नियोजन

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,

देशातल्या १,००० शासकीय आयटीआयसाठी पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये खर्चायचे, असं केंद्र सरकारने २०२५ साली ठरवलं. पीएम-सेतू या नावाने ती योजना सुरूही झाली. २०० संस्था 'हब' म्हणजे केंद्रं होतील आणि ८०० त्यांना जोडलेल्या 'स्पोक'. पैसा येणार म्हटल्यावर आराखडे होणार, आणि मोटार विभागाच्या आराखड्यात कागदावर सगळ्यांत देखणी दिसणारी सूचना एकच असते : मेकॅनिक मोटार व्हेइकलची (एमएमव्हीची) तुकडी बंद करा आणि तिच्या जागी मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकलची सुरू करा. आमचं म्हणणं आहे की असं करू नका. इलेक्ट्रिक गाड्यांना आमचा विरोध नाही. ईव्हीचा ट्रेड जरूर काढा, पण एमएमव्हीचा बळी देऊन नको. आणि दोन्हीकडे खर्च करण्याआधी एमएमव्हीचं पहिलं वर्ष दुरुस्त करा, कारण आज मुलं तिथेच मागे पडतात.

शोरूममधून या महिन्यात निघालेली डिझेल पिकअप किंवा सीएनजीवरची छोटी कार पंधरा वर्षांनीही कुठल्या तरी तालुक्याच्या गॅरेजात उभी असणार आहे. तोवर तिचे तीन-चार मालक बदललेले असतील, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी तिचा संबंध केव्हाच सुटलेला असेल आणि तिचं दुखणं शोधायची जबाबदारी तुमच्या संस्थेतून पास झालेल्या पोरावर असेल. ही गाडी जुन्या अर्थाने 'मेकॅनिकल' नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे वाहनांच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले. बीएस-४ वरून थेट सहावर उडी मारल्यामुळे मधली पायरी शिकायला कुणालाच वेळ मिळाला नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचं प्रदूषणही मोजलं जाऊ लागलं. एका साध्या डिझेल गाडीत आता कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल पुरवणारी नळी), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), नॉक्स सेन्सर (नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजणारा) आणि बऱ्याच गाड्यांत एससीआरसाठी, म्हणजे ती ऑक्साइड्स निष्प्रभ करण्यासाठी, युरियाची टाकी असते.

अशा गाडीपुढे आपला प्रशिक्षणार्थी अडतो कुठे? इंजिन उघडण्यात अडत नाही. पिस्टन रिंगची गॅप त्याला मोजता येते, टॅपेट सेटिंग जमतं. तो अडतो वायरिंगपाशी. एक उदाहरण जरा जवळून बघा.

गाडी एकदम पॉवर सोडते, स्कॅनर लावला की दोषाचे चार कोड येतात : रेल प्रेशर सेन्सर, अॅक्सिलरेटर पेडल, मॅप सेन्सर, शिवाय आणखी एखादा. शिकवलेलं नसेल तर मेकॅनिक एकेक सेन्सर बदलत जातो. ग्राहकाचे हजारो रुपये जातात आणि गाडी तशीच राहते. यातले काही सेन्सर ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून, मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतात, हे माहीत असेल तर काम वीस मिनिटांचं आहे. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरच्या सॉकेटमध्ये ५ व्होल्टची वायर आणि सेन्सर ग्राउंड यांच्यामध्ये मीटर धरायचा. ५ च्या जागी ०.८ दिसलं, की मीटर तिथेच ठेवून त्या पुरवठ्यावरचे सेन्सर एकामागून एक काढत जायचं. जो काढल्यावर मीटर परत ५ वर येतो, तो आतून शॉर्ट झालेला. सगळे काढूनही व्होल्टेज येत नसेल तर हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, तपासायची : ब्रॅकेटवर घासलेली किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदराने कुरतडलेली वायर बहुतेक वेळा सापडतेच. ईसीयूवर संशय घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी.

या कामाला लागतो एक मीटर, वायरिंग डायग्राम वाचायची सवय आणि घाई न करण्याची शिस्त. त्याऐवजी आज हातात असतो टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी लावलेला बल्ब. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि सेन्सरच्या वायरी मिलिअँपिअरच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. दोष शोधता शोधता ईसीयू जाळणारं हे हत्यार अजूनही कित्येक वर्कशॉपच्या टेबलावर पहिलं दिसतं. फ्यूज आणि हेडलाइटपुरता तो ठेवा, सेन्सरपाशी त्याला बंदी करा.

म्हणून आमची पहिली मागणी पहिल्या वर्षाबद्दल आहे. अभ्यासक्रम डीजीटीचा, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा आहे, तो समिती बदलू शकत नाही, हे आम्हांला माहीत आहे. पण १,२०० तासांच्या वर्षात प्रात्यक्षिकाचे जे ८४० तास आहेत, त्यांचा क्रम, त्यांतली साधनं आणि कुठल्या जॉबवर किती वेळ मुरायचं, हे संस्थेच्या हातात आहे. पट्टी घासून काटकोन काढण्यात आठवडेच्या आठवडे जातात. हाताला वळण लागायला फायलिंग हवंच, पण साठ तास पुष्कळ झाले. किमान दोनशे तास वीज आणि मोजमापाला द्या, तेही वर्षाच्या सुरुवातीला. व्होल्टेज ड्रॉप काढता येणं ही पहिली परीक्षा असावी. इंजिन क्रँक करताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावला आणि ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अर्थिंग खराब. हे ज्याला कळलं, त्याने नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर उगाच बसवायचं टाळलं. त्याच्या पुढची पायरी कॅन लाइनची, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिची. १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे स्कॅनर जोडतात तिथे, ६ आणि १४ या पिनांमध्ये, बॅटरी काढून, ६० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स यायला हवा, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. (काही गाड्यांत या सॉकेटच्या आधी गेटवे, म्हणजे मधला कंट्रोलर, असतो, तिथे हा आकडा वेगळा येतो. तेही शिकवायला हवं, नाहीतर पोरगं चांगली गाडी खोलून बसेल.)

हेच ज्ञान ईव्हीला लागतं. बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) आणि मोटर कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ते कॅनवरच, आणि ईव्ही रस्त्यात बंद पडण्यामागे अनेकदा १२ व्होल्टची छोटी बॅटरी किंवा पाणी शिरलेला कनेक्टर असतो. पहिलं वर्ष पक्कं झालं तर तोच मुलगा दुसऱ्या वर्षी डिझेलकडे वळो, सीएनजीकडे वळो की ईव्हीकडे, त्याचं अडत नाही. ते कच्चं राहिलं तर ईव्हीच्या नव्या ट्रेडमध्येही आपण बॅटरी बॉक्सचं झाकण दाखवून मुलांना पास करू.

जुनं सगळंच टाकून द्या, असंही आम्ही म्हणत नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे निकष लागले. आपल्या शेतांत जे बहुसंख्य ट्रॅक्टर फिरतात ते त्याखालचे आहेत आणि त्यांच्यावर मेकॅनिकल पंप अजून वर्षानुवर्षं राहणार आहे. ग्रामीण संस्थांनी इनलाइन पंपाचं टायमिंग आणि नोझल टेस्टिंग सोडू नये. शहरातल्या संस्थेने तेवढा वेळ डीपीएफ आणि एससीआरला द्यावा. राज्यातल्या चारशेहून अधिक शासकीय आयटीआयना एकाच यादीने साहित्य देण्याचा हट्ट इथेच नडतो.

डीपीएफ-एससीआरचे दोष तर घडवून दाखवण्याजोगे आहेत. डीईएफमध्ये, म्हणजे त्या टाकीतल्या द्रावणात, युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के असतं. टँकरवाला किंवा टेम्पोवाला पैसे वाचवायला त्यात नळाचं पाणी मिसळतो. पाण्यातले क्षार डोझिंग इंजेक्टरवर खडूसारखे बसतात, नॉक्सचं प्रमाण वाढतं, दिवा लागतो आणि मग गाडीची ताकद कापली जाते. द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की भेसळ कळते. हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. डीपीएफ तुंबण्याची कारणं दोन : गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरते, त्यामुळे फिल्टर स्वतःला जाळून साफ करायच्या तापमानाला पोचतच नाही, आणि कुणीतरी सर्व्हिसला स्वस्त, जास्त राखेचं ऑइल ओतलं, ज्याची राख जळत नाही. पहिल्यात फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे स्कॅनरवरून फिल्टर मुद्दाम तापवून काजळी जाळणं, चालतं, दुसऱ्यात नाही. आणि रीजनरेशन करताना फिल्टरमधलं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत जातं, म्हणून ते बंद शेडमध्ये किंवा वाळल्या गवतावर कधीच करायचं नाही. सीएनजीच्या बाबतीत २०० बारचा दाब आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) या दोन गोष्टी मुलाने झोपेतही सांगायला हव्यात.

आता गाड्यांबद्दल, कारण इथे नियोजन सगळ्यांत कच्चं आहे. सरकारी खात्यांची १५ वर्षांवरची वाहनं १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद होतात. ती आयटीआयला द्यावीत, असं वरवर छान वाटतं. हिशोब करून पाहा. बीएस-६ वाहन या वाटेने यायचं तर २०३५ उजाडेल. तोवर तुमच्या शेडमध्ये बीएस-३ आणि बीएस-४ च्याच गाड्या साठत राहतील. कंपन्या देतात त्या चाचणीच्या गाड्या नव्या असतात, पण अनेकदा त्यांचं सॉफ्टवेअर बाजारातल्या गाडीसारखं नसतं आणि स्कॅनर त्यांना ओळखत नाही. देणगी घेताना लेखी विचारा : ईसीयू उत्पादनातल्या गाडीचाच आहे का, वायरिंग डायग्राम आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का? उत्तर 'नाही' असेल तर ती गाडी उद्घाटनाच्या फोटोपुरतीच.

आम्हांला तिसरा मार्ग पटतो. अपघातात विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली, पण इंजिन आणि वायरिंग शाबूत असलेली बीएस-६ गाडी घ्या. मागून ठोकर बसलेली सगळ्यांत चांगली. नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेऊनच ती आवारात आणा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी घेऊ नका, आणि बुडालेली ईव्ही तर फुकटसुद्धा नको. पाणी शिरलेला लिथियम पॅक आठवड्यांनंतरही पेट घेऊ शकतो.

२४ जणांच्या तुकडीचे चार-चारांचे सहा गट करा आणि साहित्याचा हिशोब त्यावरून मांडा. सहा चांगले मल्टिमीटर, प्रत्येकासोबत बॅक-प्रोबच्या सुया आणि फ्यूज असलेल्या जंपर वायरी. तीन डीसी क्लॅम्प मीटर. तीन स्कॅनर, दोन ऑसिलोस्कोप, दोन रिफ्रॅक्टोमीटर. एक पेट्रोल-सीएनजी आणि एक एससीआरवाली डिझेल गाडी, दोन्ही बीएस-६. आणि सहा फॉल्ट बोर्ड, म्हणजे चालू वायरिंगच्या मध्ये लपवलेले बारा स्विच. निदेशक एक स्विच दाबतो, वायर 'तुटते', गट शोधतो. हे बोर्ड बाहेरून विकत घेऊ नका. संस्थेतल्याच इलेक्ट्रिशियन ट्रेडकडून बनवून घ्या, दोन्ही ट्रेडची मुलं शिकतील. रंगवलेली कट-सेक्शन इंजिनं आता पुरे झाली. पाहुणे आले की ती शोभतात, शिकवताना एका तासात संपतात.

स्कॅनरच्या खरेदीत पैसा नेमका कुठे बुडतो तेही सांगतो. सर्वांत कमी दराच्या निविदेत डबा येतो, सॉफ्टवेअरची मुदत वर्षात संपते आणि नूतनीकरणाची तरतूद कुणीच केलेली नसते. मग तो कपाटात जातो. स्पेसिफिकेशनमध्येच लिहा : भारतीय बाजारातल्या गाड्यांचं कव्हरेज, अॅक्च्युएटर टेस्ट, इंजेक्टर कोडिंग, डीपीएफ रीजनरेशन आणि पाच वर्षांचे अपडेट किमतीत धरलेले. पुरवठादाराने टेस्ट, कोडिंग आणि रीजनरेशन ही तिन्ही कामं संस्थेच्या गाडीवर करून दाखवल्याशिवाय बिल पास करू नका.

ईव्ही विभाग काढणार असाल तर इमारतीआधी सुरक्षेचा विचार करा. ६० व्होल्ट डीसीच्या वर जीवाला धोका मानतात, आणि चारचाकीचा पॅक साधारण ३०० ते ४०० व्होल्टचा असतो. नारिंगी केबलला हात लावायचा तर १,००० व्होल्टचे क्लास शून्य रबरी ग्लोव्हज, त्यावर चामड्याचे. ग्लोव्हजची दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि रोज वापरण्याआधी फुगवून छिद्र बघणं. सर्व्हिस प्लग काढल्यावर कंपनीने सांगितलेला वेळ, सहसा पाच ते दहा मिनिटं, थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरलेले असतात. मग मीटर आधी माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासायचा, नंतर गाडीवर शून्य बघायचं आणि पुन्हा माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासायचा. तिसरी पायरी टाळली तर मेलेल्या मीटरने दाखवलेला शून्य खरा मानला जातो. इन्सुलेशनचा किमान निकष डीसी भागाला व्होल्टमागे १०० ओहम आणि एसी भाग जोडलेला असेल तर ५०० ओहम. ३२० व्होल्टच्या गाडीला दुसऱ्या हिशोबाने १,६०,००० ओहम. निरोगी गाडीत तो मेगाओहमात येतो. एकट्याने काम करायचं नाही. दुसरा माणूस इन्सुलेटेड हुक घेऊन शेजारी उभा हवा.

ई-स्कूटरच्या ५१.२ व्होल्टच्या पॅकबद्दल मुलं बेफिकीर असतात, कारण शॉक जाणवत नाही. तिथला धोका शॉर्टचा आहे. पान्हा दोन टर्मिनलवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि बोटातली अंगठी लाल होते. अंगठी, कडं, घड्याळ दारातच काढून ठेवायची पेटी लावा. पॅकचं झाकण प्रशिक्षणार्थ्याने उघडायचं नाही; सेलचा असमतोल बीएमएसच्या आकड्यांवरून शिकवता येतो. सगळे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.२८ व्होल्टवर आणि एक ३.०५ वर असेल, तर पॅक कितीही भरलेला दिसो, गाडी त्या एका सेलपाशी बंद पडणार. संशयास्पद पॅक ठेवायला इमारतीपासून पंधरा मीटर दूर बाजूंनी उघडी, छप्पर असलेली जागा आणि पाण्याचा नळ हवा. ७.२ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतो. मंजूर वीजभार वाढवायचा अर्ज गाडी येण्याच्या आधी करा.

हे सगळं शिकवणार कोण? शिल्पनिदेशकाला दर दोन वर्षांनी चार आठवडे चालू सर्व्हिस सेंटरमध्ये पाठवा, तेही बघायला नाही, जॉबकार्डवर काम करायला. तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचं दुखणं वेगळं आहे. शिकायला गेले की तेवढे तास बुडतात आणि मानधन कापलं जातं. समितीच्या निधीतून ते भरून द्या. ही रक्कम एका शोभेच्या कट-सेक्शन इंजिनापेक्षा कमी आहे.

समितीच्या रचनेबद्दलही बोलायला हवं. अध्यक्ष बहुधा कारखानदार असतात. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या कारखान्याला असेंब्ली लाइनवर माणूस हवा असतो आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण एमएमव्ही हा दुरुस्तीचा ट्रेड आहे. दोन जागा दुरुस्तीवाल्यांना द्या : एक एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून किंवा डीलरच्या वर्कशॉपमधून, एक स्वतंत्र गॅरेजचालक. शिकाऊ उमेदवारी कायद्याने ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. दोन-तीन माणसांचं गॅरेज यात बसतच नाही, आणि निम्मी गाडीविद्या तिथेच आहे. त्या गॅरेजवाल्यांना संस्थेत आणा. बारा जणांची संध्याकाळची बॅच, साठ तास, मराठीतून, फक्त वायरिंग आणि स्कॅनर. फी लावा, ते देतील. त्यांच्या अडलेल्या गाड्या संस्थेच्या शेडमध्ये येऊ लागल्या की दिवसा शिकणाऱ्या मुलांना खरे दोष आयतेच मिळतील.

मुली या ट्रेडला येत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. वर्कशॉपच्या जवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली आहे का, सेफ्टी शूज पाच नंबरचे आणि ग्लोव्हज लहान मापाचे मागवले आहेत का, एवढं आधी बघा.

पुढच्या बैठकीत ट्रेड बंद करायचा विषय येण्याआधी चार कागद टेबलावर मागवा : गेल्या तीन तुकड्यांतली मुलं पास झाल्यानंतर बारा महिन्यांनी कुठे, काय काम आणि किती पगारावर करत आहेत, त्याची फोन करून भरलेली यादी, वर्कशॉपमधल्या प्रत्येक गाडीचं उत्पादन वर्ष आणि ती सुरू होते की नाही, स्कॅनरच्या लायसन्सची मुदत, आणि प्रत्येक निदेशकाने चालू वर्कशॉपमध्ये शेवटचं काम केव्हा केलं, ती तारीख. यादी करायला आम्ही आमचे लोक देतो, त्याचं मानधन नको.

आपले,
मोटार व्यवसायातले आजी-माजी शिल्पनिदेशक आणि वर्कशॉपचालक